उंची वाढवल्यावर जीप का थरथरते?

प्रश्न : पाटेवाल्या (लीफ स्प्रिंगच्या) फोर बाय फोर जीपला मागे लांब शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारी पट्टी) लावून दोन इंच उंची दिली. आता ताशी ६० च्या पुढे सीटखाली घरघर जाणवते. टायर बॅलन्स केले, फरक नाही. काय करावे?

उत्तर : संशय प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे मागच्या अॅक्सलला ताकद पोचवणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, कोनावर घ्या. लांब शॅकलमुळे अॅक्सल फिरतो आणि पिनियनचे (अॅक्सलमध्ये शाफ्ट जोडला जातो त्या गिअरचे) तोंड वर-खाली हलते. दोन क्रॉसच्या (दोन्ही टोकांना वाकणारे सांधे असलेल्या) साध्या शाफ्टला ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा) आउटपुट आणि पिनियन समांतर लागतात. फरक १ अंशाच्या आत हवा. नाहीतर शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात दोन झटके बसतात.

गाडी सपाट जागी, चाकांवर उभी ठेवून आउटपुट आणि पिनियन या दोन्हींच्या फ्लँजचे (शाफ्ट बोल्टने जोडतात त्या चकत्यांचे) कोन मोजा. जॅकवर लटकवून घेतलेले माप फसवे असते! आउटपुट ३ अंश आणि पिनियन ५ अंश भरला, तर पाटा आणि अॅक्सलच्या बैठकीमध्ये २ अंशांची पाचर टाका. पाचर पोलादीच घ्या, अॅल्युमिनियमची दबून चुरते. बसवून पुन्हा मोजा. उलटी बसली तर फरक दुप्पट होतो. शंभरेक किलोमीटरनंतर पाटा अॅक्सलला धरणारे यू-बोल्ट परत आवळा.

कोन जुळूनही घरघर राहिली तर शाफ्ट उघडताना खुणा न केल्याने दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत नसतील. तेही तपासा, आणि क्रॉस हाताने हलतो का तेही.