चेंडू अजून अण्णांकडेच जात होता

"मॅडम, आमच्या टीमचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात भारी प्लेअर थांबला. तेव्हापासून टीम उठतच नाही. पोरांना समजावून झालं, ओरडून झालं. आता काय करायचं?"

हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याच रूपांत येतो. कधी कबड्डीचा संघ असतो, कधी बँकेची शाखा, कधी मोठा भाऊ वेगळा राहायला गेलेलं घर. प्रत्येकाला वाटतं की गेलेल्या माणसाच्या तोडीचा दुसरा मिळाला की सगळं मार्गी लागेल. मला तसं का वाटत नाही, ते पुण्यातल्या एका हॉकी संघाच्या निमित्ताने सांगते. संघाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

खडकी आणि आसपासच्या भागात हॉकी अजून घराघरांत आहे. वडील कारखान्याच्या संघातून खेळलेले, काका लष्कराच्या, आणि पोरगा मुरमाच्या मैदानावर पडून गुडघे फोडून घेत मोठा झालेला. या संघात कारखान्यात नोकरी करणारे होते, दोघे रेल्वेत होते आणि बाकी कॉलेजची मुलं. त्यांच्या मध्यभागी, अगदी शब्दशः मैदानाच्या मध्यभागी, अण्णा. वय एकोणचाळीस, सेंटर हाफ, म्हणजे मधल्या फळीच्या मध्यावर खेळणारे. पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे समोरच्याच्या चुकीमुळे गोलची हक्काची संधी मिळाली की, ड्रॅग फ्लिक मारणारे, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत आणून गोलात फेकणारे. त्या भागातल्या कितीतरी तमिळ आणि तेलुगू घरांमुळे 'अण्णा' हे नाव मराठी पोरांच्या तोंडीही 'दादा'पेक्षा आधी येतं.

डॉक्टरांनी गुडघ्याचे फोटो बघून खेळ बंद करायला सांगितलं. अण्णांनी प्रशिक्षकांना फोन केला, व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडल्याची खूण टाकली आणि ग्रुप सोडला. निरोप नाही, शेवटचा सामना नाही. त्यानंतरच्या पाच सामन्यांत संघ चार हरला आणि एक कसाबसा बरोबरीत सोडवला.

माझ्याकडे आला तो सत्तावीस वर्षांचा कर्णधार. त्याचं निदान तयार होतं. "नवीन पोरांना तळमळच नाही. ज्याला फ्लिक मारायला दिलंय तो एकोणीस वर्षांचा आहे, मॅडम. सरावात दहातले सात आत घालतो. मॅचमध्ये हात थरथरतात."

पहिल्या बैठकीत मी चुकले, तेही सांगते. सगळ्यांना गोल करून बसवलं आणि अण्णांची एकेक आठवण सांगायला लावली. मन मोकळं होईल असा माझा हिशेब होता. झालं उलटंच. प्रत्येक आठवणीगणिक अण्णा मोठे होत गेले आणि समोरची मुलं लहान. एकजण म्हणाला, "असं वाटतंय दहाव्याला बसलोय." तो एकोणीस वर्षांचा मुलगा तर मान वर करून बघतच नव्हता. दुःखाला वाट करून द्यायलाच हवी, पण ज्याला उद्या त्याच जागी उभं राहायचं आहे त्याच्यासमोर नुसता गौरव गात राहिलं तर ते ओझं होतं. हे मला आधी सुचायला हवं होतं.

मग मी कर्णधाराकडे सामन्यांची चित्रणं मागितली. नेहरूनगरच्या टर्फवर कोणीतरी कठड्यावर मोबाईल ठेवून घेतलेली, हलणारी, अर्धवट. मी हॉकीची जाणकार नाही, म्हणून त्याला एकच काम सांगितलं. "आपले लोक गडबडले असं जिथे वाटेल तिथे थांबव, आणि चेंडू कुठे दिला ते कागदावर टिंब काढून दाखव." एका सामन्यात असे चौदा प्रसंग निघाले. त्यातली नऊ टिंबं मैदानाच्या मध्यापासून जरा डावीकडे, एका तळहाताएवढ्या जागेत पडली. कर्णधार बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "इथे अण्णा उभा असायचा."

नवीन सेंटर हाफ चांगला होता, पण तो जरा पुढे खेळायचा. घाबरलं की हात आपोआप जुन्या जागी चेंडू ढकलत होते आणि तिथे प्रतिस्पर्धी आयताच टपलेला. बाहेरून बघणाऱ्याला ही तळमळीची कमतरता वाटली. मला ती सवय दिसली, आणि सवयीच्या आतली ओढ. घरातला माणूस गेल्यावर आपण चहाचा एक कप जास्त टाकतो ना, तसंच. त्या मुलांना आळशी म्हणणं अन्यायाचं होतं, आणि ते मी प्रशिक्षकांना स्पष्ट सांगितलं.

पुढच्या बैठकीत विषय मोठ्या नावांवर गेला. खडकीची मुलं म्हटल्यावर धनराज पिल्ले निघणारच. ते इथलेच, चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळलेले. गोलकीपर म्हणाला, "धनराजसर २००४ ला अथेन्सला शेवटचं ऑलिम्पिक खेळले आणि २००८ ला भारत ऑलिम्पिकलाच गेला नाही. आमचंही तसंच होणार." चिलीतल्या सँटियागोला पात्रता स्पर्धेत ब्रिटनकडून ०-२ हरून बीजिंगची वाट बंद झाली, हे खरंच आहे. पण मधली चार वर्षं? त्या काळात आलेगेलेले खेळाडू आणि प्रशिक्षक? एका माणसाच्या जाण्यावर सगळं ढकललं की गोष्ट सोपी होते, पण उरलेल्यांच्या हातात काहीच राहत नाही.

मी त्यांना भारताचा गोलकीपर श्रीजेश याची आठवण करून दिली. पॅरिस ऑलिम्पिकच्या आधीच त्याने सांगून टाकलं होतं की ही शेवटची स्पर्धा. ऑगस्ट २०२४ मध्ये स्पेनला २-१ हरवून कांस्य मिळालं, त्याची १६ नंबरची जर्सी वरिष्ठ संघात पुन्हा कोणाला द्यायची नाही असं ठरलं आणि पुढच्याच महिन्यात चीनमध्ये आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीला भारत कृष्णबहादूर पाठक आणि आपल्या मुंबईचा सूरज करकेरा या गोलकीपरांना घेऊन उतरला. अंतिम सामन्यात चीनला १-० ने हरवून जिंकलाही. पाठक काही रातोरात उगवला नव्हता. श्रीजेश असतानाच त्याला वर्षानुवर्षं सामने मिळत होते. एकाने लगेच विचारलं, "मग २०२५ च्या जूनमध्ये प्रो लीगला सलग सात का हरले?" बरोबर होतं त्याचं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राजगीरला कोरियाला ४-१ हरवून आशिया चषकही आणला. वरखाली होतच राहतं. पण निरोप घ्यायला आणि द्यायला मिळालेला वेळ, हा मला दोन संघांतला खरा फरक वाटला. आमच्या मुलांना तो मिळालाच नव्हता.

मग मी फळ्यावर लिहिलं: अण्णा काय काय करायचे? पहिल्यांदा अर्थातच गोल, फ्लिक, लांब पास. मी म्हटलं, मैदानाबाहेरचंही सांगा. हळूहळू यादी वाढली. पहाटे साडेपाचला दोघांना फोन करून उठवणं. पंचांशी कोणी वाद घालायला लागला की त्याला ग्रीन कार्ड मिळण्याआधी बाजूला ओढणं. नवीन मुलाच्या स्टिकला ग्रिप गुंडाळून देणं. टपरीवरच्या चहाचे पैसे. आणि मग मागे बसलेला फुल बॅक, जो तोवर एक शब्द बोलला नव्हता, म्हणाला, "हरल्यावर गाडीत पहिल्यांदा अण्णाच बोलायचा. म्हणायचा, दुसरा गोल माझ्यामुळे झाला."

"खरंच त्यांच्यामुळे व्हायचा?"

"नाही हो मॅडम. बऱ्याचदा माझ्यामुळे झालेला असायचा."

माझ्या दृष्टीने ही केस त्या क्षणी उलगडली. संघाचे गोल कमी झाले होते हे खरंच, पण त्याहून मोठं काहीतरी गेलं होतं. सगळ्यांच्या चुका पोटात घालणारा माणूस गेला होता. आता प्रत्येक गोलनंतर चूक अनाथासारखी मैदानभर फिरायची. बचावफळी गोलकीपरकडे बघायची, गोलकीपर हाफकडे, आणि सगळे मिळून त्या एकोणीस वर्षांच्या मुलाकडे. त्याचे हात थरथरणार नाहीत तर काय होणार?

त्या यादीतलं एकेक काम कोण घेणार ते मुलांनी स्वतः ठरवलं. फोनचं काम रेल्वेतल्या एकाने घेतलं, पंचांचं कर्णधाराने. शेवटच्या कामापुढे कोणीच नाव लिहिलं नाही. मीही आग्रह धरला नाही. चूक अंगावर घेणं हे वाटपाने देता येत नाही.

पेनल्टी कॉर्नरचं मात्र प्रशिक्षकांनी छान केलं. गोलरेषेवरून चेंडू ढकलणारा, गोलसमोरच्या सर्कलबाहेर तो अडवणारा आणि मारणारा या तिघांना त्यांनी दोन आठवडे एकत्रच ठेवलं. फटका वाया गेला तर आधी चेंडू कसा आला आणि कसा अडला ते बोलायचं, फ्लिकबद्दल शेवटी. आणि "अण्णा असता तर" हे वाक्य त्यांनी स्वतःहून सोडलं. मी त्यांना अण्णांचं नाव टाळायला सांगितलं नव्हतं, फक्त मोजमापाची पट्टी म्हणून वापरू नका म्हटलं होतं.

राहिले अण्णा. मुलांची परवानगी घेऊन मी त्यांना भेटले. ते येणार नाहीत असं वाटलं होतं, पण वेळेआधी दहा मिनिटं येऊन बाहेर बसले होते. जिना चढताना गुडघा धरत होते. म्हणाले, "दर रविवारी रस्त्यापलीकडे गाडी लावून बघतो मी. आत जात नाही. मी आत गेलो की पोरं माझ्याकडे बघतात, चेंडूकडे नाही." ग्रुप का सोडला, विचारलं. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "बावीस वर्षं खेळलो. काय लिहायचं असतं, मला कळलंच नाही."

अशा माणसाबद्दल मला फार वाटतं. त्याच्या जाण्याने संघाचं काय होईल, हे सगळे विचारतात. रविवारी सकाळी सात वाजता त्याने काय करायचं, हे कोणी विचारत नाही. मी त्यांच्याशी तीनदा बोलले. त्यातलं बहुतेक त्यांचं खासगी आहे, इथे लिहिणार नाही.

निरोपाचा सामना आपसातच झाला. पहिल्या पंधरा मिनिटांच्या क्वार्टरमध्ये अण्णा चालत चालत खेळले. मग स्वतःच बाहेर आले आणि त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला आपली जुनी स्टिक न देता म्हणाले, "तुझी आणखी थोडी जड घे, मनगट वाचेल." स्टिक वारसा म्हणून द्यावी असं कोणीतरी सुचवलं होतं. अण्णांनीच नको म्हटलं. मला ते फार शहाणपणाचं वाटलं.

तुमच्या संघात असं झालं असेल तर पहिल्या महिन्यात निकालाकडे बघू नका. गडबडीत चेंडू कुठे जातोय ते बघा, आणि हरल्यावर कोण कोणाकडे बघतंय ते बघा. एखादा खेळाडू झोपत नसेल, मैदानाचं नाव काढताच छातीत धडधडत असेल, तर त्याला एकट्याला भेटा आणि लागलीच तज्ज्ञाकडे न्या. आमच्या फ्लिक मारणाऱ्या मुलाला सहा स्वतंत्र बैठका लागल्या.

शेवटची बैठक झाल्यावर महिन्याभराने कर्णधाराचा फोन आला. सामना २-३ ने हरले होते. दोन्ही गोल पेनल्टी कॉर्नरवर, त्याच मुलाचे. मी अभिनंदन करू लागले तर म्हणाला, "त्यासाठी नाही केला फोन. गाडीत अर्धा तास कोणी बोलत नव्हतं. मग गोलकीपर म्हणाला, तिसरा माझा होता, मी उशिरा पुढे आलो. तर फुल बॅक म्हणतो, गप रे, माझा माणूस सुटला होता. भांडायला लागले, मॅडम, माझा की तुझा म्हणून."

मागे गाडीत कोणीतरी जोरात हसल्याचं मला फोनवरही ऐकू आलं.