वाचकांचे प्रश्न : कादिझमध्ये एकटीने, बेताच्या खर्चात

प्रश्न : मी ४८ वर्षांची असून सहकारी बँकेत नोकरी करते. ऑक्टोबरमध्ये दहा दिवसांची रजा काढून दक्षिण युरोपातील समुद्रकाठच्या एखाद्या गावी एकटीने जाण्याचा विचार आहे. स्पेनमधील कादिझ मनात भरले आहे. परंतु एवढ्या लांब जाऊन एकच गाव कशासाठी, बार्सिलोना, ग्रॅनडा, लिस्बनही करून या, असे घरचे म्हणतात. विमानाचे भाडे वगळून ऐंशी हजार रुपयांत हे जमेल का? एकट्या व्यक्तीला खोलीचे भाडे दुप्पट पडते, तेव्हा शेजारच्या स्वस्त गावात राहून रोज ये-जा करावी का? शिवाय एकटीने उपाहारगृहात जेवायला बसणे अवघड वाटते.
— एक वाचक, सांगली

उत्तर : घरच्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे, तरी तुमचा पहिला विचारच बरोबर आहे, असे माझे ठाम मत आहे. युरोपात पैसा राहण्या-खाण्यापेक्षा मुक्काम हलवण्यात अधिक जातो. दर दोन दिवसांनी नवे शहर गाठायचे म्हटले की रेल्वेचे भाडे, सामान ठेवण्याचे पैसे, अनोळखी ठिकाणी घाईघाईत घेतलेले महागडे जेवण आणि उशीर झाला म्हणून केलेली टॅक्सी असे पैसे सुटत राहतात, आणि एकट्या व्यक्तीला हा सगळा भार वाटून घ्यायलाही कोणी नसते. एका गावी दहा दिवस राहिलात तर तिसऱ्या दिवसापासून कोणत्या दुकानात फळे स्वस्त मिळतात आणि कोणत्या बाकावर दुपारी सावली असते, हे तुम्हाला ठाऊक झालेले असेल.

कादिझ अशा मुक्कामासाठी फार योग्य आहे. जुने शहर तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेल्या चिंचोळ्या भूभागावर वसलेले असल्याने सगळे पायी होते. रेल्वे स्थानकही जुन्या शहराच्या तोंडाशीच आहे. त्यामुळे पोहोचल्यावर वाहन करावे लागत नाही. फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलेले हे बंदर पश्चिम युरोपातील अतिप्राचीन शहरांपैकी एक मानले जाते. १७१७ मध्ये अमेरिकेशी चालणाऱ्या स्पॅनिश व्यापाराचे कार्यालय सेव्हिलहून येथे हलवण्यात आले, आणि तेव्हाच्या व्यापाऱ्यांनी येणारी जहाजे दुरून दिसावीत म्हणून घरांच्या गच्च्यांवर बांधलेले टेहळणीचे मनोरे आजही गल्लीतून मान वर केली की दिसतात. त्यांपैकी ताविरा मनोऱ्यावर तिकीट काढून चढावे. तेथे अंधाऱ्या खोलीत भिंगाच्या साहाय्याने साऱ्या शहराचे चालते चित्र पांढऱ्या तबकावर उतरवून दाखवतात. दोरीवर वाळणारे कपडेसुद्धा हलताना दिसतात. नेपोलियनच्या सैन्याने शहराला वेढा घातलेला असताना १८१२ ची स्पेनची उदारमतवादी राज्यघटना येथेच जाहीर झाली. मीना चौकातील संग्रहालयात फिनिशियन काळातील दोन मानवाकृती शवपेट्या आहेत. एक पुरुषाची, १८८७ मध्ये सापडलेली, आणि दुसरी स्त्रीची, १९८० मध्ये सापडलेली. प्रवेशशुल्क नाममात्र आहे, सोमवारी मात्र ते बंद असते. सांता कातालिना किल्ला विनामूल्य पाहता येतो, आणि त्याला लागूनच ला कालेता ही लहानशी पुळण आहे. ती पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यास पावणेआठच्या सुमारास तेथे सूर्यास्त पाहायला गावातील म्हातारी माणसे घडीच्या खुर्च्या घेऊन येऊन बसतात. अशा ठिकाणी संध्याकाळ घालवायला एक पैसाही लागत नाही.

राहण्याबद्दल. शेजारच्या गावात खोली घेऊ नये. सान फेर्नान्दो किंवा एल पुएर्तो येथे भाडे थोडे कमी असेलही. परंतु स्पेनमध्ये दुपारी दोन ते पाच या वेळात बहुतेक लहान दुकाने बंद असतात, रात्रीचे जेवण नऊच्या पुढे असते, आणि त्या मधल्या वेळेत स्वतःच्या खोलीवर जाऊन पाठ टेकता आली नाही तर दिवसभर कॉफीवर पैसे घालवत बसावे लागते. जुन्या शहरातच घरगुती पद्धतीने चालवलेल्या निवासात, न्हाणीघर सामाईक असलेली एका माणसाची खोली शोधा. ऑक्टोबरमध्ये अशी खोली साधारण चाळीस ते पन्नास युरोंना मिळू शकते, तर महिलांच्या सामाईक शयनगृहात खाट तीस युरोंच्या आसपास पडते. आरक्षण करताना खिडकी रस्त्यावर उघडते की घराच्या आतल्या चौकात, हे अवश्य विचारा. चौकातली खोली अंधारी असते, क्वचित दमटही असते, पण शांत असते. रस्त्याकडच्या खोलीत मध्यरात्रीपर्यंत खालच्या मद्यालयातील बोलणे ऐकू येते. १२ ऑक्टोबर हा स्पेनचा राष्ट्रीय दिन असल्याने त्याला जोडून येणाऱ्या सुट्ट्यांत दर चढतात; तो आठवडा टाळता आला तर पाहा. फेब्रुवारी-मार्चमधील कार्निव्हलचे दिवस आणि ऑगस्ट महिना बेताच्या खर्चात जाणाऱ्याने सरळ सोडून द्यावेत.

एकटीने जेवण्याचा संकोच येथे लवकर जाईल, कारण अर्धे गाव उभ्यानेच खाते. टेबल अडवून बसण्याऐवजी काउंटरवर जा आणि 'तापा', म्हणजे बशीभर पदार्थ, मागवा. तेच पदार्थ अर्ध्या किंवा पूर्ण थाळीतही मिळतात, पण एका माणसाला तापा पुरतो. बाहेर चौकात मांडलेल्या टेबलांवर तोच पदार्थ कित्येकदा महाग पडतो. दुपारी 'मेनू देल दीआ' म्हणून ठरावीक किमतीचे पूर्ण जेवण मिळते, ते साधारण बारा ते पंधरा युरोंत होते. दिवसाचे मुख्य जेवण तेच ठेवावे आणि रात्री हलके खावे. पाण्याच्या बाटलीवर पैसे घालवू नका. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे, आणि २०२२ च्या कायद्यानुसार उपाहारगृहांनी ते मागणाऱ्याला विनामूल्य द्यायचे असते.

तुम्ही मासे खात असाल तर सकाळी दहाच्या सुमारास मुख्य मंडईत जा, मात्र सोमवारी नको, कारण रविवारी होड्या समुद्रात जात नसल्याने फळ्या रिकाम्या असतात. ट्यूनाचे गडद लाल, जाड काप, बर्फावर मांडलेले बांगड्यासारखे मासे आणि टोपलीत अजून उड्या मारणारी बारीक कोळंबी पाहताना कोकणातल्या माणसाचा पाय तेथून निघणार नाही. त्याच कोळंबीची हरभऱ्याचे पीठ घालून केलेली पातळ, कुरकुरीत धिरडी ही या गावाची ओळख आहे. आपल्या जवळ्याच्या भज्यांशी तिचे नाते चटकन जुळते. तळलेल्या माशांच्या दुकानांतून कागदाच्या पुडक्यात वजनावर मासे मिळतात, ते घेऊन थेट समुद्राच्या कठड्यावर बसता येते.

एक युरो साधारण शंभर रुपयांचा धरला तर राहणे पंचेचाळीस, खाणे पंचवीस आणि इतर आठ-दहा युरो, असा दिवसाचा हिशेब ऐंशी युरोंपर्यंत जातो; म्हणजे दहा दिवसांचे ऐंशी हजार रुपये पुरतील, पण हाताशी काही उरणार नाही. व्हिसाचे शुल्क (जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो, शिवाय अर्जकेंद्राचा आकार) आणि विमा यांसाठी वेगळी रक्कम ठेवा. कार्डाने पैसे देताना यंत्र रुपये की युरो असे विचारते, तेव्हा युरोच निवडा. रुपये निवडल्यास रूपांतराचा दर हमखास महाग लागतो.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. तुम्ही किती कमी खर्चात राहणार आहात, हे व्हिसा देणारे पाहत नाहीत. दर दिवसामागे शंभराहून अधिक युरो खर्च करण्याची ऐपत कागदावर दिसावी लागते. तेव्हा खात्यावरची शिल्लक अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम फुगवण्यापेक्षा काही महिने आधीपासून स्थिर ठेवा. रजेचे पत्र, पगाराच्या पावत्या, प्राप्तिकराची विवरणपत्रे, रद्द करता येण्याजोगे निवासाचे आरक्षण आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा एवढे तयार हवे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर संपतात, म्हणून मे-जूनमध्येच कामाला लागा. याच कागदांच्या प्रती विमानात हातातल्या पिशवीत ठेवा, उतरल्यावर अधिकारी मागू शकतात.

प्रश्न : मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. असल्या मासळीच्या गावी माझे हाल होतील का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हाल होणार नाहीत, पण बाहेरच्या जेवणावर विसंबता येणार नाही. न्याहारी उत्तम होते: भाजलेला पाव, त्यावर ऑलिव्ह तेल आणि ठेचलेला टोमॅटो, सोबत कॉफी, आणि हे सारे तीन-चार युरोंत. पुढे मात्र जपावे लागते. बटाट्याच्या जाड 'तोर्तिया'त अंडे असतेच. टोमॅटोच्या थंडगार 'साल्मोरेहो'वर उकडलेले अंडे आणि डुकराच्या मांसाचे तुकडे भुरभुरलेले असतात. भाज्यांच्या सॅलडवर न सांगता ट्यूना येतो. 'शाकाहारी' एवढेच सांगून भागत नाही. मांस नको, मासा नको, अंडे नको, असे तिन्ही शब्द स्पॅनिशमध्ये कागदावर लिहून जवळ ठेवा आणि दाखवा. पालक-हरभऱ्याची भाजी दिसली तर विचारून घ्या, ती बहुधा चालते. तुम्हाला माझा आग्रहाचा सल्ला असा, की स्वयंपाकघर वापरू देणारे हॉस्टेल निवडा. मंडईत भाज्या, कडधान्ये आणि फळे मुबलक मिळतात, आणि मसाल्याची एक डबी घरून नेली की दोन्ही वेळचे जेवण दहा युरोंच्या आत होते.

प्रश्न : कादिझहून एका दिवसात कोठे जाऊन यावे? तारिफाहून बोटीने मोरोक्कोतील टँजियर गाठता येते असे वाचले.
— एक वाचक, पणजी

उत्तर : बोट आहे आणि ती तासाभरात पोहोचवते; परंतु भारतीय पासपोर्टधारकाला मोरोक्कोचा वेगळा व्हिसा लागतो, आणि तुमचा शेंगेन व्हिसा (स्पेनसह बहुतेक युरोपीय देशांचा सामाईक व्हिसा) एकाच प्रवेशाचा असेल तर टँजियरला पाऊल ठेवताच परतीची वाट बंद होते. अनेक प्रवेशांचा व्हिसा हाती नसेल तर हा बेत आखू नये. त्याऐवजी कादिझच्या बंदरातून आखात ओलांडून एल पुएर्तोला जाणारी बोट पकडा. अर्ध्या तासाची ती सफर अगदी थोड्या पैशांत होते आणि पाण्यातून दिसणारे शहर पाहायला मिळते. शेरी मद्यासाठी प्रसिद्ध असलेले हेरेस उपनगरी रेल्वेने पाऊण तासावर आहे. सेव्हिललाही पावणेदोन तासांच्या आसपास पोहोचता येते, आणि या गाड्यांचे भाडे ठरावीक असल्याने महिनोन्महिने आधी तिकीट काढण्याची गरज नसते. लेव्हान्ते हा पूर्वेचा वारा सुटला की पुळणीवरची वाळू अंगावर बोचते आणि बोटीही कधी कधी रद्द होतात. असा दिवस उजाडला तर बोटीऐवजी रेल्वेनेच जावे.