अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूलने पोटाच्या नसा सुधारतात का?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आईला १८ वर्षांपासून शुगर आहे, इन्सुलिन आणि मेटफॉर्मिन दोन्ही चालू. हल्ली दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं, सकाळी रात्रीच्या जेवणाचे ढेकर येतात, कधी उलटीही होते. मामाने अँटिऑक्सिडंटच्या महागड्या कॅप्सूल आणून दिल्यात, मेडिकलवाला म्हणतो याने नसा परत तयार होतात. मिथाइलकोबालामिन आणि अल्फा लिपोइक अ‍ॅसिडची गोळी आधीपासून आहेच. द्यायच्या का? – एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, कॅप्सूल तूर्त कपाटातच राहू द्या. मेडिकलवाला अगदीच हवेत बोलतोय असं नाही, शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पेशींमध्ये ऑक्सिडेशनचा ताण (ज्याला अँटिऑक्सिडंट आवर घालतात) वाढतो आणि जठर-आतड्याच्या भिंतीतल्या नसांचं जाळं हळूहळू विरळ होतं हे खरंय, आणि डायबिटीस केलेल्या उंदरांना व्हिटॅमिन ई किंवा क्वेरसेटिन (कांदा-सफरचंदातलं अँटिऑक्सिडंट) दिलं तर त्या नसा कमी मरतात असं ब्राझीलमधल्या मारिंगा विद्यापीठात दिसलंय. पण ते उंदीर, आणि तिथेही नसा वाचल्या, मेलेल्या उगवल्या नाहीत. माणसांवरचा बराचसा अभ्यास पायांच्या नसांचा आहे. अल्फा लिपोइक अ‍ॅसिड रोज ६०० मिलिग्रॅम देऊन पाच आठवड्यांत पायांची आग, दुखणं कमी झालं (२००६), पण त्याच डोसच्या चार वर्षांच्या मोठ्या ट्रायलमध्ये मुख्य निकष काही गाठता आला नाही, म्हणजे जो फायदा दाखवायचा होता तो सिद्ध झाला नाही. आणि आपल्याकडच्या कॉम्बिनेशन गोळ्यांत ते बहुधा १०० मिलिग्रॅमच असतं! जठराच्या बाबतीत तर एवढाही पुरावा हातात नाही.

मला काळजी वेगळीच वाटते. आई जेवणाआधी इन्सुलिन घेत असतील आणि नसा बिघडल्याने अन्न जठरातच पडून राहत असेल तर इन्सुलिन आधी काम करतं, शुगर धाडकन खाली येते, मग तीन-चार तासांनी अन्न पुढे सरकलं की शुगर वर, आणि घरचे म्हणतात आईने गुपचूप गोड खाल्लं. जेवणानंतर शुगर लो होते का ते आठवडाभर लिहून ठेवा आणि वही घेऊन डॉक्टरांकडे जा, इन्सुलिनची वेळ किंवा प्रकार बदलावा लागेल, स्वतःच्या मनाने बदलू नका.

तिथे आधी एंडोस्कोपी सांगतील, अडथळा किंवा अल्सर नाही ना ते बघायला. मग गॅस्ट्रिक एम्प्टीइंगचा स्कॅन, म्हणजे जठर किती वेगाने रिकामं होतं ते बघणारा, त्यात चार तासांनी खाल्लेल्यापैकी १० टक्क्यांहून जास्त जठरात उरलं तर जठर मंद आहे असं धरतात. शुगरसाठी किंवा वजन कमी करायला ओझेम्पिकसारखं इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा, त्यानेही पोट मंदावतं.

मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं, मात्र मिथाइलकोबालामिनची (म्हणजे बी-१२ ची) गोळी चालू असताना रिपोर्ट नॉर्मल दिसू शकतो, म्हणून लॅबला तसं सांगून ठेवा.

खायला थोडं थोडं, पाच-सहा वेळा. मऊ भात-वरण, पेज, गाळलेलं सूप चालेल. कच्ची कोशिंबीर, तळलेलं आणि इसबगोल नको, हो, इसबगोलही नको, मंद जठरात त्याचा गोळा होतो. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही.

मामाच्या कॅप्सूलवर बी-६ किती आहे बघा, जास्त डोस बराच काळ घेतला तर त्यानेच नसा बिघडतात. आणि व्हिटॅमिन ई ४०० युनिटचं असेल, मामा स्वतःही घेत असतील तर त्यांनाही थांबवा, २०११ च्या अमेरिकन ट्रायलमध्ये तेवढ्या डोसवर पुरुषांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त आढळला होता.