क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) म्हातारा होऊ लागला की एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधले संघ काय करतात?

बहुतेक संघ त्याचा वारसदार शोधायला उशीर करतात. ग्रीन बे पॅकर्सने मात्र हेच काम दोनदा वेळेआधी केलं, म्हणून त्यांचंच उदाहरण देतो.

२००५ मध्ये त्यांचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह ३५ वर्षांचा होता आणि उत्तम खेळत होता. तरी पॅकर्सने ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत) २४व्या क्रमांकावर तरुण क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सला घेतलं आणि तीन वर्षं बाकावर बसवलं. २००८ मध्ये फार्व्हने निवृत्ती जाहीर केली, मग परत यायचं म्हणाला; संघाने त्याला सरळ न्यूयॉर्क जेट्सकडे धाडलं. चाहते चिडले होते, पण त्याच रॉजर्सने २०१० च्या हंगामात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला.

२०२० मध्ये तोच खेळ पुन्हा. रॉजर्स ३६ चा, आणि ड्राफ्टमध्ये २६व्या क्रमांकावर नवा क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह. गंमत म्हणजे डिवचलेला रॉजर्स त्यानंतर लागोपाठ दोनदा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) झाला! २०२३ मध्ये तोही जेट्सकडेच गेला.

खरी गोम पैशात आहे. सॅलरी कॅपमुळे संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. बोनसची रक्कम हिशेबात पुढच्या वर्षांवर ढकलता येते, पण खेळाडू गेला की उरलेलं सगळं अंगावर येतं. रॉजर्स गेल्यावर पॅकर्सच्या कॅपमधले सुमारे ४ कोटी डॉलर असेच अडकले. नवखा क्वार्टरबॅक स्वस्त असतो, म्हणून तो फटका सोसता आला. पण त्याला फार वर्षं बाकावर ठेवलं, तर त्याच्या स्वस्त करारातली वर्षं वाया जातात. माझ्या मते दोन-तीन वर्षं पुरेत.