लिअरचा कमरबंद बाईला गिळतो, म्हणजे नक्की काय?

प्रश्न असा आहे की इंग्रज कवी आणि चित्रकार एडवर्ड लिअरच्या 'द कमरबंड' या कवितेत कमरबंड नावाचा भयानक प्राणी येऊन एका बाईला गिळून टाकतो, तर हा आपलाच कमरबंद का, आणि लिअरला शब्दाचा अर्थच माहीत नव्हता का.

शब्द आपलाच. फारसी कमर आणि बंद, बाजूबंदातला बंद तोच. इंग्रजीत इकडूनच गेला आणि आता तिकडे पार्टीच्या काळ्या सुटावर पोटाला जो रुंद पट्टा बांधतात त्याला म्हणतात.

पण अर्थ माहीत नव्हता हे मला अजिबात पटत नाही. लिअर 1873 च्या नोव्हेंबरात मुंबईत उतरला, वय एकसष्ट, व्हाइसरॉय नॉर्थब्रुकचं बोलावणं होतं, आणि मग वर्षभराहून जास्त चित्रं काढत हिंडला. कवितेत भलत्याच गोष्टींची नावं म्हणून येणारे धोबी, भिश्ती, खानसामा हे शब्द रोज कानावर पडणारच. शिवाय कविता आधी छापून आली 1874 मध्ये, मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात. वाचणारे कोण, तर ज्यांच्या घरी हीच सगळी माणसं राबत होती ते साहेब-मेमसाहेब. म्हणजे अर्थ ठाऊक असणाऱ्यांचीच ही फिरकी. लंडनला बसून वाचणाऱ्याला मात्र हे शब्द खरेच दूरदेशीचे पशुपक्षी वाटले असते, आणि हीच दुहेरी गंमत आहे.

आता जवळून बघा. बाई 'धोबी'वर बसून शुक्रतारा बघतेय (हसू नका, पुढे तो धोबी भिंतीला खिळ्यांनी ठोकतात!). जाणारे-येणारे पंखे तिला म्हणतात, काय गं सुंदर तू. खानसाम्यांची उंच झाडं, खिदमतगारांच्या वेली. नदीत सोनेरी परांचे चपराशी पोहतात, आणि इथे मी थांबलो, कारण चपराशी हा शब्दच मुळात चपरास, म्हणजे पट्ट्यावरच्या पितळी बिल्ल्यावरून आलाय. ते पितळ चमकताना या चित्रकाराला दिसलं नसेल? तसंच जांभळ्या नाल्यांच्या फांद्या लांबवर पसरल्यात, आता नाल्याला फाटे असतातच की. झाडावर एकट्या बसलेल्या हिरव्या आया (मुलं सांभाळणाऱ्या बायका) तर मला सरळ पोपट वाटतात, कारण हा माणूस विशीच्या आसपास पोपटांची हुबेहूब चित्रं काढूनच नावारूपाला आला होता. मशक, म्हणजे भिश्तीची पाण्याची कातडी पिशवी, रात्रभर कण्हते, पाणी ओतताना पखालीचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला ते कळेल. आणि कमरबंद? कमरेभोवती आवळणारी गोष्ट, तिचा गिळणारा प्राणी झाला यात नवल काय.

सगळंच असं जुळतं असं मी म्हणणार नाही हं, कवितेत 'निम्मक', म्हणजे नमक, मीठ, गुणगुणतं ते का, तर मला वाटतं निव्वळ तो उच्चार कानाला किड्यासारखा लागतो म्हणून. सायसाला, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याला, 'गोरीवाला' म्हटलंय तो आपला घोडावाला, मोतद्दाराला हा शब्द मुंबईकडचे साहेबच वापरायचे, आणि कवितेत तो चंदेरी होऊन चक्क उडतो.

मराठीत भाषांतर करायला गेलात तर मात्र पंचाईत, शब्द आपलेच असल्यामुळे जादू सगळी उडून जाते, उरतो नुसता बिचारा धोबी. मी एकदा करून बघितलं, तर उलटा मार्ग घ्यावा लागला, म्हणजे आपण रोज ऑफिसात ऐकतो ते इंग्रजी शब्द घालायचे. ती आपल्या मॅनेजरवर बसून चांदणं बघतेय, तळ्यात सोनेरी इन्व्हॉइस पोहतायत, फांदीवर हिरवे ऑडिटर किलबिलतायत, आणि तेवढ्यात एकच ओरडा होतो, "पळा, अप्रेझल आलं!"