कारखान्याचे प्रश्न: मोटरखाली शिम कशी घालावी?

प्रश्न: मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) माझा लहान कारखाना आहे. मोटर आणि पंपाचे शाफ्ट (फिरते दांडे) जोडणाऱ्या कपलिंगचं रबर सारखं झिजतं. फिटर म्हणतो, मोटरखाली शिम घाला. शिम म्हणजे नेमकं काय? डब्याचा पत्रा कापून घातला तर चालेल का?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर: यंत्राची उंची जुळवण्यासाठी पायाखाली घालायची, ठरावीक जाडीची पातळ पट्टी म्हणजे शिम. दोन्ही शाफ्ट एका रेषेत नसले की कपलिंगचं रबर झिजतं, म्हणून ती घालायची. बरेच फिटर तिला पॅकिंग म्हणतात. दुकानात मात्र शिमच मागा, नाहीतर ग्लँडची, म्हणजे पंपाच्या शाफ्टभोवतीची गळती रोखणारी दोरी मिळेल. डब्याचा पत्रा अजिबात नको. तो गंजतो, कापताना कडा वळतात आणि पाय नीट टेकत नाही. स्टेनलेस स्टीलची, यू आकाराची शिम घ्या. बोल्ट फक्त सैल करून ती आत सरकवता येते.

वीज बंद करून फ्यूज काढून ठेवा. पाय आणि बेसवरचा गंज, रंग खरवडून काढा. मग सर्व बोल्ट आवळून एकेक पाय सैल करा आणि डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापयंत्र) पाहा. पाय ०.०५ मिमीपेक्षा जास्त उचलला गेला, तर तो अधांतरी आहे. तिथली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापकाने) मोजून तेवढी शिम आधी घाला. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढची सगळी मापं चुकतात.

आता कपलिंगच्या दोन तोंडांमधली फट वर आणि खाली मोजा. समजा, कपलिंगचा व्यास १०० मिमी आहे आणि वरची फट ०.१० मिमीने जास्त आहे. म्हणजे मोटर मागे झुकली आहे. फटीतला फरक भागिले व्यास, गुणिले कपलिंगपासून पायाचं अंतर, एवढी शिम लागते. पुढचे पाय १५० मिमीवर असतील तर ०.१५, मागचे ३०० मिमीवर असतील तर ०.३० मिमी. त्यानंतरही मोटरचा शाफ्ट खाली राहिला, तर चारही पायांखाली सारखीच शिम वाढवा.

एका पायाखाली तीन-चारपेक्षा जास्त शिमा नकोत. पातळ पट्ट्यांचा थर स्प्रिंगसारखा दबतो. बोल्ट आवळल्यावर मापं पुन्हा घ्या. पाइपचे फ्लँज (बोल्टने जोडलेल्या चकत्या) सोडताच ती बदलली, तर पाइप पंपाला ओढतो आहे. तिथे पाइपचा आधार दुरुस्त करा, शिम वाढवू नका.