गणितात संशोधन करायचे असेल, तर विषयांचा तपशील आजच लेखी मिळवा

तुमच्या पत्रावरून कळते की तुम्ही पदवीच्या दुसऱ्या वर्षात आहात, पुढे गणितातच संशोधन करायचे ठरवले आहे, गणित ऑलिंपियाड या स्पर्धेत निवड न झाल्याची रुखरुख आहे आणि कोणती पुस्तके वाचावीत हा तुमचा मुख्य प्रश्न आहे. शेवटी तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिले आहे. गुणपत्रिकेवर विषयांची नावे ‘उच्च गणित १’, ‘उच्च गणित २’ अशीच येतात, पण त्यामुळे काही अडत नाही असे कार्यालयाने सांगितले आहे. पुस्तकांची नावे तुम्हाला कोणीही जाणकार सांगेल. मी त्या शेवटच्या वाक्याबद्दलच लिहीत आहे, कारण त्यामुळे अडते आणि चांगलेच अडते.

आधीच सांगून ठेवतो की माझा अनुभव शुद्ध गणितातल्या पीएचडी प्रवेशाचा आहे. संख्याशास्त्र किंवा उपयोजित गणिताकडे जाणाऱ्यांना हे सगळे जसेच्या तसे लागू होईल असे नाही, शिवाय प्रत्येक विद्यापीठाचे नियम निराळे असतात आणि ते बदलतही राहतात. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी ज्या त्या ठिकाणची अट स्वतः वाचून घ्यावी.

प्रवेश समितीला तुमच्या गुणांपेक्षा अधिक महत्त्वाचे असते ते हे, की तुम्ही सिद्धतांवर आधारलेले गणित खरोखर केले आहे की केवळ आकडेमोड. गणितात एकाच नावाखाली हे दोन्ही प्रकार शिकवले जातात, ही खरी अडचण आहे. फ्रेंच गणिती कोशीने १८२१ सालच्या आपल्या पाठ्यपुस्तकात असे विधान केले होते की संतत, म्हणजे आलेख कुठेही न तुटणाऱ्या, फलनांची श्रेणी अभिसारी असेल, म्हणजे तिची बेरीज एका ठरावीक किमतीकडे जात असेल, तर तिची बेरीजही संतत असते. नॉर्वेजियन गणिती आबेलने १८२६ मध्ये एका तळटिपेत दाखवून दिले की या विधानाला अपवाद आहे: साइन x मधून साइन २x चा अर्धा भाग वजा करायचा, साइन ३x चा एक तृतीयांश मिळवायचा आणि असेच पुढे जात राहायचे. या श्रेणीतले प्रत्येक पद संतत आहे, तरीही x ची किंमत पायच्या विषम पटीत असते तिथे बेरजेचे सातत्य तुटते. या अपवादाचा नीट उलगडा होण्यासाठी एकसमान अभिसरण (सर्व x साठी एकाच वेगाने बेरजेच्या जवळ जाणे) ही कल्पना लागते आणि ती स्पष्टपणे मांडली जायला १८४० च्या दशकाची अखेर उजाडली. आता असे दोन विद्यार्थी घ्या, की एकाने या श्रेणीचे फूरिये सहगुणक, म्हणजे साइन पदांपुढचे गुणांक, फक्त आकडेमोड करून काढले आणि दुसऱ्याने सातत्य नेमके कशामुळे तुटते हे सिद्ध केले. दोघांच्याही गुणपत्रिकेवर ‘उच्च गणित ३’ आणि तेच गुण छापलेले असतील, तर समितीने त्यांच्यात फरक करायचा तरी कसा?

माझ्या बाबतीत नेमके हेच घडले. ‘उच्च गणित ३’ या विषयात आम्हाला लबेगचे माप (लांबी, क्षेत्रफळ या कल्पनांचा व्यापक विस्तार), समाकलन आणि त्यांच्याशी संबंधित अभिसरणाची प्रमेये पूर्ण सिद्धतांसह शिकवली गेली होती, परंतु प्रवेश समितीने कळवले की मापसिद्धांताचा कोणताही पुरावा अर्जासोबत नाही आणि ठरलेल्या मुदतीत अभ्यासक्रमाचे अधिकृत वर्णन सादर करावे. मी परीक्षा विभागात गेलो, तर तिथे सांगितले गेले की अभ्यासक्रम विभागाचा असतो. विभागाच्या कार्यालयात सांगितले गेले की शिक्का परीक्षा विभागाचा लागतो आणि तसेही आता अभ्यासक्रम बदलला असल्यामुळे जुनी प्रत ठेवलेली नाही. लेखी अर्ज दिला, त्याची पोचही मिळाली, परंतु उत्तर आले ते मुदत उलटल्यावर, आणि त्यात एवढेच होते की ‘विषयाचे नाव पुरेसे स्पष्ट आहे’. ज्या नावावरून त्या विषयात अवकल समीकरणे आहेत की माप आहे हेसुद्धा कळत नाही, ते नाव पुरेसे स्पष्ट! ते पत्र मी अजूनही फेकलेले नाही. शेवटी मला थेट प्रवेश नाकारला गेला आणि पूर्वतयारीच्या वर्षात घालण्यात आले. थेट प्रवेश मिळालेल्यांसाठी असलेली शिष्यवृत्ती गेलीच, शिवाय जे शिकून झाले होते तेच पुन्हा शिकावे लागले. त्या कार्यालयातील कोणाचेही यात काही बिघडले नाही आणि म्हणूनच अशी कार्यालये सुधारत नाहीत, असे माझे मत आहे. कोणाला ते कटू वाटले तरी माझा नाइलाज आहे.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की प्रत्येक सत्र संपताच, निकालाची वाट न पाहता, त्या विषयाचे एक पानी वर्णन तयार करून घ्या. त्यात शिकवलेली प्रकरणे, वापरलेले पुस्तक आणि त्यातले कोणते भाग झाले, तासांची संख्या आणि परीक्षेत सिद्धता विचारल्या होत्या की नाही, हे सगळे असावे. मजकूर तुम्ही स्वतः लिहा आणि शिकवणाऱ्या शिक्षकांकडून तपासून, सही घेऊन ठेवा. शिक्षक बदलून गेल्यावर किंवा निवृत्त झाल्यावर हे काम दहापट अवघड होते. कार्यालयाचा शिक्का मिळाला तर उत्तमच, पण त्यासाठी अडून बसू नका. अनेक समित्यांना शिक्षकांच्या सहीचे वर्णन चालते. प्रश्नपत्रिका आणि घरी सोडवायला दिलेले प्रश्नसंचही जपून ठेवावेत, कारण अभ्यासाची पातळी वर्णनापेक्षा त्यांवरूनच चटकन कळते.

याला जोडूनच शिफारसपत्रांचा मुद्दा येतो. ‘विद्यार्थी हुशार व मेहनती आहे’ असे मोठ्या पदावरील व्यक्तीने लिहिलेले पत्र माझ्या मते जवळजवळ निरुपयोगी असते. त्याऐवजी, ज्यांनी तुमच्या सिद्धता वाचल्या आहेत, एखाद्या चर्चासत्रात तुम्हाला फळ्यापाशी अडखळताना आणि मग मार्ग काढताना पाहिले आहे, त्यांचे पत्र घ्यावे, मग ते कनिष्ठ पदावर असले तरी हरकत नाही. असा एकही शिक्षक नसेल, तर पुढच्या सत्रात एखाद्या शिक्षकांकडून वाचन प्रकल्प मागून घ्या आणि दर आठवड्याला एक प्रमेय त्यांच्यासमोर मांडा.

ऑलिंपियाडची रुखरुख मात्र सोडून द्या. जून हू यांनी पदवीपर्यंत भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र शिकले, गणिताकडे ते उशिरा वळले आणि २०२२ मध्ये त्यांना फील्ड्स पदक हा गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान मिळाला. यितांग झांग यांनी २०१३ मध्ये सिद्ध केले की ज्यांच्यातील अंतर ७ कोटींपेक्षा कमी आहे अशा मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडलेली होती. ही उदाहरणे अपवादात्मक आहेत हे मला मान्य आहे आणि त्यांच्या भरवशावर कोणी आयुष्याचा बेत आखू नये. पण वेळेच्या बंधनात कोडी सोडवणे आणि एकाच प्रश्नाजवळ महिनोन्‌महिने बसणे या दोन वेगळ्या सवयी आहेत, आणि संशोधनात दुसरी लागते.

लाटेक ही गणिती मजकूर टंकलिखित करण्याची संगणक प्रणाली मात्र आत्ताच शिकून घ्या आणि विषयांची ती वर्णनेही त्यातच लिहा, म्हणजे सरावही होईल. तुमचे सत्र अजून संपलेले नसेल, तर ‘उच्च गणित २’ शिकवणाऱ्या शिक्षकांना याच आठवड्यात भेटा. दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी हे कशासाठी मागतो आहे, असे त्यांना वाटले, तर ज्या विद्यापीठांत तुम्हाला अर्ज करायचा आहे त्यांच्या प्रवेशाच्या अटींचे पान छापून सोबत न्या.